घरी सिंबिडियम ऑर्किड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंबिडियमबद्दल जे प्रश्न परत परत येतात ते सगळे इथे एका जागी केलेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवीन लोकांसाठी आहेत, पुढे पुढे अडचणीचे येतात. प्रत्येक उत्तर आपापलं पूर्ण आहे, त्यामुळे सगळं वाचायची गरज नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. पण "फुलं का येत नाहीत" असं विचारणाऱ्यांनी प्रश्न ८ नक्की वाचा, कारण येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेक फिरून तिथेच येतात.

१. सिंबिडियम म्हणजे नेमकं कुठलं ऑर्किड? मॉथ ऑर्किडसारखंच सांभाळायचं का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. सगळीकडे जास्त दिसतं ते फॅलेनॉप्सिस म्हणजेच मॉथ ऑर्किड, त्याची पानं रुंद आणि जाड असतात, बल्ब नसतो, आणि ते घरातल्या उबदार हवेत आरामात फुलतं. सिंबिडियमची पानं लांब, अरुंद, गवताच्या पात्यासारखी, आणि पानांच्या प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी एक फुगीर हिरवा बल्ब, ज्यात झाड पाणी आणि अन्न साठवून ठेवतं. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये या गटाला हे नाव दिलं. हिमालयापासून चीन, जपान, आग्नेय आशिया आणि खाली ऑस्ट्रेलियापर्यंत याच्या पन्नासेक जाती सापडतात. पण आपण जी मोठ्या फुलांची हायब्रिड आणतो ती मुख्यतः लोवियानम, इन्सिग्ने, इबर्नियम अशा डोंगराळ भागातल्या जातींपासून बनलेली आहेत, आणि तिथे दिवसा छान उजेड नि रात्री गारवा असतो. इबर्नियम आणि लोवियानम यांचा संकर १८८९ मध्ये पहिल्यांदा फुलला, तेव्हापासून ही हायब्रिड वाढतच गेली, पण रात्रीच्या गारव्याची ती गरज मात्र त्यांच्या रक्तातच राहिली. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

२. फुलं असलेलं रोप नुकतंच आणलंय, आता लगेच काय करू?

लगेच काहीच करू नका. रिपॉटिंग म्हणजे कुंडी बदलणं नको, खत नको, कुंडी रोज इकडून तिकडे हलवणं नको. फुलं असेपर्यंत गार, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवा, मीडिया, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेलं मिश्रण, ओलसर राहील एवढं पाणी द्या. डेकोरेटिव्ह बाहेरच्या कुंडीत असेल तर तळाशी साचलेलं पाणी ओतून टाका, त्यात मुळं बुडून राहिली की कुजतात. आणि एक काम आवर्जून करा, पानं उलटी करून खालची बाजू आणि बल्बवरची सुकलेली सालं नीट बघा, कीड घरात येते ती बहुतेक वेळा नव्या रोपाबरोबरच. दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवलंत तर उत्तम.

३. ऊन किती पाहिजे? घरात ठेवू की बाहेर?

शक्य असेल तर बाहेर. बाल्कनी, गच्ची, अंगण, काहीही चालेल, फक्त सकाळचं कोवळं ऊन थेट मिळावं आणि दुपारचं कडक ऊन गाळून यावं, ५० टक्क्यांचं शेडनेट किंवा विरळ सावलीचं झाड असलं की काम होतं. ऊन बरोबर मिळतंय का हे पानांचा रंगच सांगतो. पानं पोपटी-पिवळसर हिरवी आणि ताठ असतील तर उजेड बरोबर आहे. गर्द हिरवी, लांब, लोंबणारी पानं दिसायला कितीही सुंदर वाटली तरी ते रोप अंधारात आहे आणि ते फुलणार नाही. उलट पानं फारच पिवळी झाली किंवा मधोमध पांढरा-तपकिरी सुका चट्टा पडला तर ऊन जास्त झालं. भाजलेला चट्टा परत हिरवा होत नाही पण पसरतही नाही, त्यामुळे ते पान कापायची घाई करू नका. सावलीतलं रोप उन्हात न्यायचं असेल तर एकदम नेऊ नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सरकवा. आणि कडाक्याची थंडी पडत असेल, दहिवर गोठत असेल, तर तेवढ्या रात्रींपुरतं आत घ्या, कारण झाड कदाचित तग धरेल पण कळ्या जातील.

४. पाणी किती दिवसांनी घालायचं?

"आठवड्यातून एकदा" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, या एका नियमाने खूप रोपं वाळली आहेत आणि तेवढीच कुजली आहेत. कुंडीचा आकार, मीडिया, वारा, उकाडा यावर सगळं ठरतं. सोपा उपाय म्हणजे पाणी घातल्या घातल्या कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या, मग रोज उचलून बघा, हलकी वाटायला लागली पण बोट घातलं तर आत किंचित ओल आहे अशा वेळी पुन्हा पाणी द्या. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी येईल, थंडीत आठ-दहा दिवसही जातील. सिंबिडियम बाकीच्या बऱ्याच ऑर्किडपेक्षा पाण्याला जास्त आहे, पूर्ण कोरडं पडलेलं त्याला आवडत नाही, वाढीच्या काळात तर नाहीच. पाणी द्याल तेव्हा खालून धो धो वाहून जाईल एवढं द्या, वरून घोट घोट शिंपडू नका. लागोपाठ पाऊस पडत असेल आणि कुंडीतून पाणी मोकळं जात असेल तर पावसात ठेवायला हरकत नाही, झाडं छान धुऊन निघतात, फक्त नव्या कोंबांच्या आत पाणी साचून राहतंय का त्यावर नजर ठेवा.

५. पानांची टोकं काळी-तपकिरी होतायत, हा रोग आहे का?

बहुतेक वेळा नाही, हे क्षारांचं काम आहे. पाणी जड असेल किंवा खत जास्त होत असेल तर क्षार मीडियात साठतात, मुळं भाजतात आणि त्याचं पहिलं दर्शन पानाच्या टोकाला होतं, टोकापासून सुरू होऊन काळपटपणा हळूहळू आत सरकतो. कुंडीच्या कडेला किंवा मीडियावर पांढरट थर दिसत असेल तर शंकाच नको. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं, नसेल तर आरओचं, किंवा निदान दोन्ही मिसळून. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजत असाल तर दोनशेच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी कुंडीतून भरपूर वाहू द्या, म्हणजे साठलेलं धुऊन जाईल. फक्त आरओ वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या, त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ नसतं, त्यामुळे ते असलेलं खत वापरावं लागतं, नाहीतर अगदी कोवळ्या नव्या पानांचीच टोकं काळी पडायला लागतात. जुन्या पानांची टोकं काळी असली तर क्षार, नव्याची असली तर कॅल्शियम, असा साधारण अंदाज बांधा. काळं टोक कापायचंच असेल तर कात्री आधी निर्जंतुक करा, का ते प्रश्न २० मध्ये आहे.

६. साध्या मातीत लावलं तर चालेल का?

बागेच्या मातीत नको, कुंडीतली माती दबून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. सिंबिडियमची मुळं जाड आणि मांसल असतात, त्यांना ओल आणि हवा एकाच वेळी पाहिजे. साधारण एक ते दीड सेंटिमीटरचे पाइन बार्कचे (पाइन झाडाच्या सालीचे) किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे, त्यात थोडं पर्लाइट (हलके पांढरे खनिजाचे दाणे) आणि थोडा लाकडी कोळसा, एवढं पुरतं. नारळाचे चिप्स वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि रोज पाणी बदला, कारण त्यात मीठ असू शकतं आणि मग प्रश्न ५ वाला त्रास पहिल्या दिवसापासूनच सुरू होतो. उष्ण कोरड्या हवेत थोडे बारीक तुकडे घ्या, दमट हवेत जाडे घ्या. नुसतं कोकोपीट वापरू नका, ते खाली चिखल होऊन बसतं.

७. खत कोणतं आणि कधी? फुलासाठी स्पेशल खत लागतं का?

सिंबिडियम खादाड आहे, ऑर्किडला खत नकोच असं ऐकून लोक याला उपाशी ठेवतात आणि मग बल्ब बारीक राहतात. नवे कोंब निघाल्यापासून बल्ब फुगेपर्यंत १९:१९:१९ किंवा २०:२०:२० सारखं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं खत दर लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्याला एकदा, आधी ओल्या झालेल्या मीडियात. उन्हाळा सरत आला की नत्र कमी करून पालाश जास्त असलेल्या खताकडे वळा. थंडीत कमी करा. शेणखत, गांडूळखत वरून थापू नका, सालीचे तुकडे लवकर कुजतात आणि मुळांजवळची हवा संपते.

फुलासाठी स्पेशल खत म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे की रात्री गार नसतील तर कुठल्याही खताने फूल येत नाही, आणि रात्री गार असतील, बल्ब भरलेले असतील, तर साध्या खतावरही येतं.

८. तीन वर्षं झाली, पानं भरपूर, रोप तब्येतीत, पण एकही फूल नाही. काय चुकतंय?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

आधी हे समजून घ्या की फूल येतं कुठून. वसंतात जुन्या बल्बच्या बुडातून नवा कोंब निघतो, त्याला पानं फुटतात, उन्हाळाभर तो वाढतो आणि शेवटी त्याच्या बुडाशी नवा बल्ब फुगतो. फुलाची काडी येते ती बहुतेक या नव्या, त्याच वर्षी तयार झालेल्या बल्बच्या बुडातून. म्हणजे थंडीतलं फूल हे आधीच्या उन्हाळ्यातल्या उजेडावर, पाण्यावर आणि खतावर ठरतं. उन्हाळ्यात दुर्लक्ष करून थंडी लागल्यावर लाड करायला घेतले तर उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी किल्ली, रात्रीचा गारवा. उन्हाळा संपता संपता आणि त्यानंतरचे काही आठवडे रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली, शक्यतो १० ते १३ च्या आसपास यायला पाहिजे, आणि दिवस-रात्रीत साधारण १० अंशांचा फरक पाहिजे. दिवसा २५-२८ असलं तरी चालतं, रात्र गार पाहिजे. घरात, काचेच्या खिडकीमागे ठेवलेल्या रोपाला हा फरक कळतच नाही, म्हणून ज्यांचं रोप वर्षभर आत आहे त्यांनी बाकी काही करायच्या आधी ते बाहेर काढा आणि रात्री चांगल्या गार होईपर्यंत बाहेरच राहू द्या. एक साधं कमाल-किमान थर्मामीटर कुंडीशेजारी ठेवा. मोबाइलवर दिसणारं तापमान सगळ्या गावाचं असतं, तुमच्या भिंतीला टेकलेल्या कुंडीजवळ रात्री त्याहून चांगलीच गरमी असू शकते.

तिसरं, उजेड, तो प्रश्न ३ मध्ये आलाय, पानं गर्द हिरवी असतील तर तिथूनच सुरुवात करा. चौथं, रोप सारखं तोडून छोटं छोटं केलंय का ते बघा, दोन बल्बचा तुकडा फुलायला वेळ घेतो. आणि पाचवं, बल्बचा आकार बघा, नवा बल्ब मागच्यापेक्षा लहान असेल तर फुलाचा विचार नंतर, आधी प्रश्न १८ वाचा.

यातलं रात्रीचं तापमान सोडून सगळं हातात असतं. ते जमतच नसेल तर पुढचा प्रश्न.

९. आमच्याकडे रात्रीसुद्धा गरमच असतं, मग सिंबिडियमचा नाद सोडून द्यायचा का?

मोठ्या फुलांच्या हायब्रिडचा नाद सोडा, सिंबिडियमचा नको! उष्ण भागातल्या जाती आहेत आणि त्या मला तर जास्तच आवडतात. अलोइफोलियम ही भारतापासून आग्नेय आशियापर्यंत सखल भागात झाडांच्या बेचक्यात वाढणारी जात, पानं जाड आणि ताठ, ऊन आणि उकाडा बिनतक्रार सोसते, आणि फुलांच्या काड्या खाली लोंबतात, छोटी पिवळसर फुलं आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद तपकिरी-लाल पट्टा. हिला टांगत्या कुंडीतच लावा, नाहीतर काडी मीडियात किंवा कुंडीच्या काठावर अडकते. एन्सिफोलियम ही जमिनीवर वाढणारी, बारीक पानांची, फुलं साधी पण सुवास असा की फूल दिसायच्या आधी कळतं. तिच्यापासून बनलेलं गोल्डन एल्फ नावाचं पिवळं सुवासिक हायब्रिड उबदार हवेत फुलतं आणि बऱ्याचदा वर्षातून एकाहून जास्त वेळा. रोप घेताना "सिंबिडियम" एवढंच न विचारता नाव विचारा, आणि लेबल नसलेलं मोठ्या फुलांचं रोप फुलं बघून उष्ण भागात घेऊ नका.

१०. एसीच्या खोलीत ठेवलं किंवा कुंडीत बर्फ टाकला तर गारवा मिळेल ना?

बर्फ टाकू नका, त्याने मुळं दुखावतात आणि गारवा अर्ध्या तासात संपतो, झाडाला पाहिजे असतो तो अख्ख्या रात्रीचा गारवा, आठवडेच्या आठवडे. फ्रिजचं तर नावच नको. एसी सहसा २० च्या खाली चालवत नाहीत, हवा कोरडी होते आणि दिवसाचा उजेड तिथे मिळत नाही, त्यामुळे तोही उपाय नाही. त्यातल्या त्यात संध्याकाळी पानांवर आणि भोवतालच्या फरशीवर पाणी मारणं, वारा खेळेल अशी जागा निवडणं आणि कुंडी उन्हाने तापलेल्या भिंतीपासून लांब ठेवणं यानं दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. तापमान आधीच काठावर असेल तर एवढ्यानेही काम होतं. त्याहून जास्त फरक असेल तर प्रश्न ९ मधल्या जाती घ्या.

११. बल्बच्या बुडाशी कोंब आलाय, फूल आहे की नवं पान, कसं ओळखायचं?

पहिले काही दिवस दोन्ही सारखेच दिसतात, धीर धरा. पानाचा कोंब चपटा असतो आणि थोडा वाढला की टोकाशी पंख्यासारखा उघडायला लागतो. फुलाची काडी गोलसर, भरलेली, टोकदार असते, सालं एकावर एक घट्ट गुंडाळलेली राहतात आणि ती जरा बाजूला झुकून वर येते. सहा-सात सेंटिमीटरचा झाल्यावर दोन बोटांत अगदी हलकेच दाबून बघा, फुलाची काडी मध्ये मऊ, किंचित पोकळ लागते कारण आत कळ्या असतात, पानाचा कोंब घट्ट लागतो. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, कोवळी काडी कट्कन मोडते आणि त्या जागी दुसरी येत नाही. काडी दिसली की गोगलगायींपासून जपा, एका रात्रीत टोक खाऊन टाकतात.

१२. काडीला आधार कधी द्यायचा?

१५ सेंटिमीटरची झाली की बाजूला पातळ बांबूची काठी खोचा, मुळांतून नाही तर कुंडीच्या कडेने, आणि काडी वाढेल तसं मऊ दोऱ्याने सैल बांधत जा. एकदम ओढून सरळ करू नका. कुंडीची दिशा बदलू नका, काडी उजेडाकडे वळते आणि कुंडी फिरवली की ती नागमोडी होते. लोंबणाऱ्या काड्यांच्या जातींना आधार द्यायचाच नाही, त्यांना खाली जाऊ द्या.

१३. कळ्या आल्या, पण पिवळ्या पडून गळून गेल्या. का?

कारणं बरीच आहेत पण सगळ्यांत पुढे उष्णता. काडी आली म्हणून कौतुकाने रोप घरात, टीव्हीशेजारी किंवा हीटरजवळ आणून ठेवतात, तिथे रात्री गरम, हवा कोरडी, उजेड कमी, आणि आठवड्याभरात कळ्या पिवळ्या. पहिली दोन-तीन फुलं पूर्ण उघडेपर्यंत रोप आहे तिथेच, गारव्यात राहू द्या, मग आत आणा. दुसरं, काडी वाढत असताना मीडिया एकदा जरी कडक कोरडा पडला तरी कळ्या जाऊ शकतात. तिसरं लोकांना माहीतच नसतं, पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या आणि फुलं दोन्ही लवकर जातात, म्हणून फळांच्या टोपलीशेजारी ऑर्किड ठेवू नका. धुराचंही तसंच. आणि कळ्यांच्या देठापाशी मावा बसलाय का तेही बघून घ्या.

१४. फुलं किती दिवस टिकतात? आणि काडीवरचं एकच फूल मध्येच लाल होऊन का सुकलं?

गार जागेत सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त. उबदार खोलीत निम्मेच.

एकच फूल लाल होण्याची गोष्ट फार छान आहे. फुलाच्या मधोमध जो वाकलेला खांब असतो त्याच्या टोकाला एक फिकट पिवळी छोटी टोपी असते आणि तिच्याखाली परागांचे गोळे. मधमाशीने किंवा तुमच्या बोटाने ती टोपी पडली की फुलाला वाटतं परागीभवन झालं, ते इथिलीन सोडायला लागतं, दोन दिवसांत खालची ओठासारखी पाकळी गुलाबी-लाल होते आणि फूल मिटायला लागतं. शेजारची फुलं तशीच ताजी राहतात. हा रोग नाही. फोटो काढताना फुलांना हात लावू नका आणि माश्या जास्त असतील तर फुललेलं रोप जाळीच्या आड ठेवा.

१५. फुलं संपल्यावर काडी अर्धी ठेवायची की पूर्ण कापायची?

पूर्ण, अगदी बुडाजवळून. अर्धी ठेवून पुन्हा फूल घेणं हे फॅलेनॉप्सिसचं आहे, सिंबिडियमच्या त्या काडीला परत कधीच फूल येत नाही. झाड नवीन किंवा अशक्त असेल तर फुलं सुकायची वाटही बघू नका, शेवटची कळी उघडून दोन-तीन आठवडे झाले की काडी कापून पाण्यात ठेवा, फुलदाणीतही ती बरेच आठवडे टिकते आणि झाडाची ताकद वाचते.

१६. रिपॉटिंग कधी आणि कसं करायचं?

दोन-तीन वर्षांनी, फुलं संपल्यावर, नवे कोंब छोटे असतानाच. उन्हाळ्याच्या शेवटी किंवा काडी आलेली असताना करू नका, त्या वर्षीचं फूल जाईल. बल्ब कुंडीच्या काठाला टेकले, कुंडी फुगली, किंवा मीडियाचा भुगा झाला की वेळ झाली.

रोप बाहेर काढलं की मुळांचा घट्ट गोळा दिसतो, घाबरू नका, जुना मीडिया बोटांनी मोकळा करा. मूळ जिवंत आहे की नाही हे ओढून कळतं, जिवंत मूळ पांढरट आणि टणक असतं, मेलेलं ओढलं की वरचं स्पंजासारखं आवरण निघून हातात येतं आणि मागे नुसता तारेसारखा दोरा उरतो. मेलेली सगळी कापा. वेगळं करायचंच असेल तर एका भागात निदान तीन, शक्यतो चार, पानांचे बल्ब आणि एक नवा कोंब ठेवा. नवी कुंडी फक्त पुढच्या दोन वर्षांच्या वाढीपुरती मोठी घ्या, फार मोठ्या कुंडीत मीडिया ओला राहून कुजतो. जुना बल्ब कडेला टेकवा आणि नव्या कोंबाच्या बाजूला मोकळी जागा सोडा, कारण झाड त्याच दिशेने चालत जातं. बल्बचं बूड मीडियाला टेकलं पाहिजे, बल्ब पुरायचा नाही. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा आणि खत बंद.

१७. मागचे बल्ब पानं नसलेले, सुरकुतलेले आहेत, काढून टाकू?

पान एक-दोन नाही तर साधारण तीन वर्षं जगतं, मग गळतं, त्यामुळे मागच्या बल्बला पानं नसणं हे नैसर्गिक आहे. टणक असेल तर तो पुढच्या बल्बांना साठवलेलं अन्न पुरवत असतो, उगाच काढू नका. बरेच असतील तर रिपॉटिंगच्या वेळी एक-दोन वेगळे करा, वरची सुकी सालं सोला, बूड ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात) टेकवून सावलीत ठेवा. बहुतेकदा एक ते तीन महिन्यांत बुडाजवळच्या डोळ्यातून कोंब येतो. फूल मात्र दोन-चार वर्षांनी, पण फुकटात अगदी तेच रोप मिळतं. मऊ झालेला बल्ब असेल तर प्रश्न २१.

१८. नवा बल्ब दरवर्षी आधीच्यापेक्षा लहान होतोय, असं का?

झाड साठवणीतलं खाऊन जगतंय. सगळ्यात आधी मुळं तपासा, मीडिया कुजून मुळं गेली असतील तर कितीही पाणी-खत घातलं तरी वर पोचत नाही, आणि पानं दुमडल्यासारखी दिसतात म्हणून लोक अजून पाणी घालतात आणि उरलेली मुळंही जातात. मुळं चांगली असतील तर उजेड किंवा खत कमी पडतंय. आणि एका बल्बला एका वेळी चार-पाच कोंब फुटले असतील तर सगळेच बारीक राहतात, त्यातले दोन चांगले ठेवून बाकीचे कोवळे असतानाच काढा, जिवावर येतं पण पुढच्या वर्षी फरक दिसतो.

१९. पानांच्या खाली चंदेरी ठिपके आणि बारीक जाळी आहे, हे काय?

लाल कोळी, सिंबिडियमचा सगळ्यात चिवट शत्रू. उष्ण कोरड्या हवेत वाढतो. पांढऱ्या कागदावर पान झटकलं की सरकणारे बारीक ठिपके दिसतात. जोरदार पाण्याने पानांची खालची बाजू धुवा, मग सौम्य साबणाचं पाणी किंवा निंबोळी तेल संध्याकाळी फवारा, आणि पाच-सात दिवसांनी परत, असं निदान तीन वेळा, कारण अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. हा कीटक नसून कोळी आहे म्हणून साधी कीटकनाशकं बऱ्याचदा चालत नाहीत. फुलांवर तेल मारू नका, डाग पडतात. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण बल्बच्या सुक्या सालांखाली लपतात, सालं काढून ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा आणि महिनाभर लक्ष ठेवा.

२०. पानांवर पिवळे पट्टे, काळे डाग आहेत, व्हायरस तर नाही ना?

प्रत्येक डाग व्हायरस नसतो. एखाद-दोन पानांवर गोल डाग आणि भोवती पिवळी कड असेल तर बहुधा बुरशी, हवा खेळती करा, अशा रोपाची पानं संध्याकाळी ओली ठेवू नका, प्रश्न १० मधलं पानांवर पाणी मारणंही थांबवा. पण कोवळ्या पानावर फिकट लांबट पट्टे, प्रकाशात धरल्यावर ठळक दिसणारे, आणि पान जुनं होईल तसे ते काळे-तपकिरी खोलगट होत गेले, आणि दर नव्या पानात तेच परत आलं, तर सिंबिडियम मोझॅक व्हायरसची शंका घ्या. ऑर्किडमध्ये दुसरा नेहमीचा म्हणजे ओडोंटोग्लोसम रिंगस्पॉट व्हायरस. नुसतं बघून खात्री देता येत नाही, त्यासाठी टेस्ट स्ट्रिप मिळतात. व्हायरसवर औषध नाही. पसरतो तो मुख्यतः रसातून, म्हणजे आपल्याच कात्रीतून, म्हणून प्रत्येक रोपानंतर पातं ज्योतीवर चांगलं तापवून घ्या किंवा प्रत्येक रोपाला नवं ब्लेड वापरा. खात्रीने व्हायरस असलेलं रोप टाकून द्या, हे लिहितानाही वाईट वाटतं, पण बाकीची वाचतात.

२१. बल्ब मऊ आणि तपकिरी झालाय, वास येतोय, वाचेल का?

तो बल्ब नाही वाचणार, बाकीचे वाचू शकतात. आजच कुंडीतून काढा, कुजलेला भाग तोडून टाका, कापताना आत पांढरं-हिरवट स्वच्छ दिसेपर्यंत मागे जा, कापावर दालचिनीची पूड किंवा बुरशीनाशक लावा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या कोरडसर मीडियात लावा. जुना मीडिया परत वापरू नका. नुसता सुरकुतलेला पण टणक बल्ब असेल तर तो कुजलेला नाही, तहानलेला किंवा म्हातारा आहे.

२२. जंगलात झाडावर सिंबिडियम दिसलं, एक फांदी आणली तर काय बिघडतं?

आणू नका. सगळी ऑर्किड आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी जंगलातून रोप उचलणं हा गुन्हाच आहे. तो भाग सोडला तरी झाडावरून ओरबाडलेल्या रोपाची मुळं सालीला चिकटलेली असतात, ती तुटतात आणि असं रोप घरी क्वचितच जगतं. त्याच जाती नर्सरीत वाढवलेल्या मिळतात.

२३. एकाच नावाची दोन रोपं आणली, एकाची फुलं वेगळीच निघाली. फसवलं का?

तसंच असेल असं नाही. नाव दोन प्रकारचं असतं. दोन जातींचा संकर करून बियांपासून केलेली सगळी भावंडं एकाच हायब्रिड नावाने विकली जातात, पण प्रत्येकाचा रंग-आकार थोडा वेगळा असतो. त्यानंतर अवतरणचिन्हात दुसरं नाव असेल तर ते एका निवडक रोपाचं नाव, आणि त्या नावाची सगळी रोपं सारखी असायला हवीत. ती टिश्यू कल्चरने, म्हणजे रोपाचा बारीकसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवून बनतात, आणि ऑर्किडमध्ये हे तंत्र आलं ते सिंबिडियममधूनच, फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये कोंबाच्या टोकापासून व्हायरसमुक्त सिंबिडियम वाढवण्याबद्दल लिहिलं आणि त्यानंतर एका रोपाची हजारो रोपं करणं सुरू झालं. कल्चरमध्येही क्वचित एखादं रोप बदललेलं निघतं. शिवाय पहिल्या फुलावरून निकाल लावू नका, लहान रोपाचं पहिलं फूल बऱ्याचदा छोटं आणि फिकट येतं, आणि उजेड-गारवा कमी-जास्त झाला तरी रंग बदलतो, हिरवी फुलं उन्हात पिवळट होतात. दोन मोसम दोन्ही रोपं शेजारी शेजारी ठेवून बघा, तरीही फरक राहिला तर मग जिथून आणलंत तिथे लेबल दाखवून विचारा.